तळ्याची पेटी खाडीवर नेताना

बाळा, टँपाला बदली झाल्याचं कळवताना तू त्याच फोनवर विचारलंस की जॉर्जियातल्या तळ्यांवर बाससाठी जमवलेली आमिषांची पेटी इथल्या खाडीत चालेल का, की सगळं नव्याने घ्यावं लागेल. बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो.

पेटी चालेल. इतक्यात दुकानाची पायरी चढू नकोस. खाऱ्या पाण्यासाठी म्हणून वेगळ्या फळीवर मांडलेलं बरंचसं सामान तुझ्याकडे दुसऱ्या रंगात आधीच आहे. बदलायचे आहेत ते गळ, आणि पाण्याकडे बघायची तुझी सवय.

आधी मासे ओळखून घे. टँपा बेच्या उथळ पाण्यात तुला मुख्यतः तिघे भेटतील: स्नूक, रेडफिश आणि ठिपक्यांचा सी-ट्राउट. नावं परकी असली तरी कुळं आपल्या ओळखीची आहेत. स्नूक आणि आपला जिताडा शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं एकाच कुळात धरले होते. आता कुळं वेगळी मांडतात, पण खोड तीच. दोघेही खाऱ्या पाण्यात अंडी घालतात, गोड्यात शिरतात, मुळांच्या सावलीत दबा धरतात आणि जवळून जाणारं भक्ष्य तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतात. खारेपाटात लोक घराजवळच्या तळ्यात जिताडा वाढवतात, ते तू लहानपणी पाहिलं आहेस. स्नूकही तसाच इथल्या नद्यांतून पार वरपर्यंत जातो. रेडफिश आणि सी-ट्राउट हे घोळ-ढोम्याच्या कुळातले. रेडफिशच्या शेपटीपाशी काळा ठिपका असतो, आणि तळाशी तोंड लावून चिंबोऱ्या, कोळंब्या शोधत तो फिरतो.

बासही दबा धरणाराच, म्हणून त्याची आमिषं इथे लागू पडतात. फ्लोरिडाच्या दक्षिणेला एव्हरग्लेड्समध्ये गोडं आणि खारं पाणी जिथे मिसळतं, तिथे एकाच आमिषाला आधी बास आणि पुढच्या फेकीला स्नूक लागतो. लुइझियानाच्या दलदलीत हेच बास आणि रेडफिशच्या बाबतीत घडतं. या माशांना हवा असतो बोईट, तारली, कोळंबी किंवा चिंबोरीसारखा आकार आणि जीव वाचवून पळणाऱ्याची हालचाल.

तुझ्या पेटीतलं पहिलं उचल ते मऊ रबरी जर्कबेट, सुपर फ्लूकसारखं, पांढरं किंवा मोतिया. अख्ख्या पेटीतून एकच न्यायची परवानगी असती, तर मी हेच नेलं असतं. गळाचं टोक रबरातच लपवून ठेव, जसं तळ्यातल्या गवतासाठी ठेवतोस. इथे तळाला समुद्री गवत आहे, कालवांचे धारदार थर आहेत आणि काठाला कांदळाची मुळं. उघडा गळ दर दुसऱ्या फेकीला अडकेल. पाणी दोन-तीन फूट असेल तर वजन अजिबात लावू नकोस, किंवा गळाच्या दांड्यावरच हलकंसं असू दे. दोन झटके, मग ढिलं सोडून थोडं थांबणं. मासा बहुतेक वेळा त्या थांबण्यातच घेतो.

रेडफिशसाठी सोनेरी चमचा आणि सोनेरी पात्याचा स्पिनरबेट. गढूळ पाण्यात पातं फिरताना जी थरथर होते, ती माशाला दिसण्याआधी जाणवते. चॅटरबेटही त्याच कामाचं. बासला खेकड्याच्या आकाराचं जे रबर तू दाखवायचास, ते रेडफिशला चिंबोरी वाटतं. कालवांच्या कडेने तळावरून हळूहळू ओढ. ओठ नसलेला, आत छर्रे खुळखुळणारा रॅट-एल-ट्रॅप मुळात लुइझियानाचाच आहे, आणि तिथले लोक तो रेडफिशसाठी कधीपासून वापरतात. एक जपायचं: झी-मॅनचं ताणलं जाणारं रबर बाकीच्या रबरासोबत एका कप्प्यात ठेवू नकोस. दोन्ही वितळून चिकट गोळा होतो.

पाण्यावर नागमोडी चालणारा झारा स्पूक सोबत घेच. हेडन कंपनीने तो १९३९ मध्ये आणला तो बाससाठी, आणि आजही पहाटेच्या शांत पाण्यात सी-ट्राउट आणि स्नूक त्याच्यावर तुटून पडतात. पाणी उसळलं की लगेच झटका द्यायचा मोह होतो. वजन हाताला लागेपर्यंत चालवत राहा. मासा चुकला असेल तर बऱ्याचदा परत येतो.

खोल बुडी मारणारे लांब ओठाचे क्रँकबेट मात्र घरीच ठेव. दोन फूट पाण्यात ते कालवांवर डोकं आपटण्यापलीकडे काही करत नाहीत. रंगांचा फार विचार करू नकोस: स्वच्छ पाण्यात पांढरा-चंदेरी, चहासारख्या पाण्यात सोनेरी किंवा गडद.

आता गळांकडे येऊ. गोड्या पाण्याच्या आमिषांचे गळ बारीक तारेचे असतात. मीठ लागलं की आठवड्याभरात तांबेरा चढतो आणि टोक बोथट होतं. त्याहून वाईट म्हणजे, मोठा स्नूक मुळांकडे धावला की बारीक गळ सरळ होतो. म्हणून तीनतोंडी गळ आणि ते अडकवायच्या रिंगा दोन्ही काढून खाऱ्या पाण्याच्या, जाड तारेच्या घाल. रिंग विसरणारे पुष्कळ, आणि मासा तिथेच निसटतो. शक्य असेल तिथे तीनतोंडीऐवजी एकतोंडी गळ लाव. गवत कमी अडकतं, माशाला इजा कमी होते आणि तुझे हातही वाचतात.

गळ बदलला की वजन बदलतं, म्हणून आमिषाची चाल पुन्हा तपासावी लागते. याच्या जोडीला एक गोष्ट लक्षात घे, जी बासवाल्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. तळ्यात झटका थांबवल्यावर अधांतरी तरंगत राहणारा कडक जर्कबेट इथे हळूहळू वर येऊ लागतो, कारण १५ ग्रॅमच्या आमिषाला खारं पाणी सुमारे ०.४ ग्रॅमची जादा उचल देतं. जाड गळ नेमकी ही उचल भरून काढतात. घरीच पाहा: १० लिटर पाण्यात ३५० ग्रॅम मीठ विरघळव, म्हणजे साधारण समुद्राइतकं खारं पाणी झालं, आणि आमिष सोडून बघ. बुडायला लागलं तर एक आकार लहान गळ घाल. वर येत असेल तर थोडा जाड. पावसाळ्यात नद्यांच्या तोंडाशी पाणी कमी खारं असतं, तेवढा फरक धरून चल.

दोरी म्हणून १५ ते २० पौंडांची विणलेली चालेल, पण तिच्या पुढे दीड-दोन हात फ्लोरोकार्बनचा लीडर हवाच. कोकणातला आपला साधा तंगूस इथे पुरत नाही. स्नूकचे ओठ खरखरीत असतात आणि कल्ल्याच्या झाकणाची कड इतकी धारदार, की एका झटक्यात दोरी कापली जाते. ३० पौंडांचा लीडर ठेव. रेडफिशला २० चा पुरतो.

यानंतरचं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि इथे तुझा तळ्यावरचा अनुभव कमी पडेल. तळ्यात तू झाड, खडक, गवताची कड शोधतोस, कारण पाणी जागचं हलत नाही. इथे जागेआधी पाण्याची धाव बघायची. भरती चढताना मासा काठाच्या मुळांत घुसतो. ओहोटीला तोच मासा नाल्यांच्या तोंडाशी येऊन थांबतो, कारण कोळंबी आणि बारीक मासळी पाण्याबरोबर बाहेर वाहून येते. पाणी थांबलं की खाणंही थांबतं. अशा वेळी जेवण उरकून घे. आमिष धारेच्या वरच्या बाजूला टाकून धारेबरोबर आण. बारीक मासळी धारेविरुद्ध पोहत माशाच्या तोंडात येत नाही.

आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला हे गणित चांगलं लागू पडतं, इथे नाही. मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर काठी बऱ्याच ठिकाणी दिवसाला एकच भरती येते. टँपाला काही दिवस दोन, काही दिवस एक, आणि दोन असल्या तरी सारख्या नसतात. चंद्र किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, याचाही इथे मोठा वाटा असतो. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. इथे जेमतेम दोन-तीन फूट. म्हणून नोआच्या, म्हणजे अमेरिकी हवामान-सागर संस्थेच्या, वेळापत्रकात सेंट पीटर्सबर्गचा तक्ता रोज बघ आणि त्याच्याशेजारी वारा बघ. हिवाळ्यात थंडीची लाट आली की उत्तरेचा वारा खाडीतलं पाणी बाहेर ढकलतो आणि गवताची मैदानं उघडी पडतात. अशा दिवशी उरलेल्या खळग्यांमध्ये मासे गोळा होतात. आमिष अगदी सावकाश चालव, थंडीत ते धावत नाहीत.

रीळाचा ड्रॅग बाससाठी तू आवळून ठेवतोस. इथे दोरीच्या ताकदीच्या पावपटीवर सोडून ठेव. रेडफिश लांब धावतो, त्याला धावू दे. बासला देतोस तसा जोराचा हिसका सी-ट्राउटला कधीच देऊ नकोस. त्याचं तोंड पातळ असतं, फाटून गळ सुटतो. काठी नुसती बाजूला ओढून घट्ट धर.

बासच्या तोंडात अंगठा घालून उचलायची सवय इथे सोड. सी-ट्राउटला वर दोन सुळे असतात, आणि स्पॅनिश मॅकरेल किंवा ब्लूफिश तर बोट कापेल. शिंगाळ्याचे भाऊबंदही याच पाण्यात आहेत आणि त्यांचे काटे आपल्या शिंगाळ्यासारखेच विषारी असतात. पक्कड वापर. पाण्यात उतरलास तर पाऊल उचलून टाकू नकोस, वाळूवरून सरकवत चाल, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट आधीच बाजूला होतं. बूट घाल. कालवाने कापलेला पाय लवकर बरा होत नाही.

घरी आलास की त्याच संध्याकाळी सामान धू. धुण्याआधी रीळाचा ड्रॅग आवळ, म्हणजे पाणी आत शिरत नाही. नळाची हलकी धार सोड, जोराचा फवारा नको, त्याने मीठ आणखी आत जातं. पुसून वाळवल्यावर ड्रॅग पुन्हा ढिला कर. वापरलेलं आमिष ओलं असताना पेटीत परत ठेवायचं नाही. एका आमिषाचं खारं पाणी शेजारच्या सगळ्या गळांना गंज चढवतं.

आता कायद्याचं. फ्लोरिडात गोड्या आणि खाऱ्या पाण्याचे परवाने वेगळे असतात, आणि स्नूक ठेवायचा असेल तर त्याची आणखी वेगळी परवानगी लागते. ६५ ओलांडलेल्या रहिवाशांना परवाना माफ आहे. मी विनापरवाना दिसतो म्हणून तुलाही चालेल असं समजू नकोस. टँपा बेमध्ये स्नूक २८ ते ३३ इंचांचाच ठेवता येतो आणि तोही हंगाम उघडा असेल तेव्हा. रेडफिश १८ ते २७ इंचांचा, माणशी एक. नियम अधूनमधून बदलतात. निघण्यापूर्वी राज्याच्या मत्स्य आयोगाच्या संकेतस्थळावर बघून घे.

ही मापं उगाच ठरलेली नाहीत. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लीन्सचे शेफ पॉल प्रूडॉम यांचा काळा भाजलेला रेडफिश देशभर इतका गाजला, की मासा संपायची वेळ आली आणि एकेका राज्याला त्याची विक्री थांबवावी लागली. जानेवारी २०१० च्या थंडीत इथले असंख्य स्नूक गारठून मेले. आखाताच्या बाजूला २०१३ पर्यंत एकही स्नूक घरी न्यायची मुभा नव्हती. स्नूक जिताड्यासारखाच आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. ३३ इंचांच्या वरचा स्नूक बहुधा मादीच, आणि पुढच्या पिढीची अंडी तिच्याच पोटात असतात. तिला जबड्याला धरून उभी लटकवू नकोस, फोटोसाठीसुद्धा नाही. हात ओले कर, पोटाखाली आधार दे, आणि पाण्यातच गळ सोडव.

पहिल्या आठवड्यात परवाना काढ, पक्कड आणि मोजपट्टी घे. या तीन गोष्टी जवळ नसतील तर पेटी गाडीत ठेवूच नकोस.