माहीत नाही, उद्या सांगतो

नातवाने हिंगणघाटात कृषी केंद्र टाकलं. पूजेच्या दिवशी हातावर पेढा ठेवत म्हणाला, "आबाजी, चाळीस वर्षं कापसाच्या धंद्यात काढली तुम्ही. एखादा कानमंत्र द्या." मी त्याच्या कानात सांगितलं, "गिऱ्हाइकाला 'माहीत नाही' म्हणायला लाजू नको." पोराचं तोंडच उतरलं. मुहूर्ताच्या दिवशी म्हातारा हे काय बोलला, असं वाटलं असेल त्याला. म्हणून आता सविस्तर लिहून देतो. गल्ल्याखाली ठेव.

१. मान डोलावण्याचे पैसे लागतात

मी रुईच्या गाठी विकायचो तेव्हाची गोष्ट. बाहेरगावच्या एका गिरणीचा खरेदीदार आला. चिमूटभर रुई घेऊन दोन्ही अंगठ्यांनी ओढली, तंतू किती लांब ते पाहिलं आणि विचारलं, "मायक्रोनेअर किती भरेल?" तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. पण शेजारी दोन व्यापारी बसलेले. त्यांच्यादेखत विचारायचं कसं? मी म्हणालो, "माल चांगला आहे." त्याने एक आकडा सांगितला, मी मान डोलावली आणि सौदा तसाच लिहिला गेला.

माझ्या गाठींत हंगामाच्या शेवटच्या वेचणीचा आणि फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या पिकाचा, कापूस बराच होता. गिरणीत तपासणी झाली, आकडा कमी भरला आणि भाव तोडला गेला. वर्षभराची कमाई त्या एका सौद्यात गेली.

मग जिनिंगमधल्या एका जुन्या ग्रेडरकडे गेलो. त्याने चहा संपेस्तोवर समजावून दिलं. ठरावीक वजनाच्या रुईतून हवा सोडतात. ती किती अडते त्यावरून तंतू बारीक की जाड, पिकलेला की कच्चा, हे कळतं. साधारण साडेतीन ते पाचच्या आत आकडा असलेला बरा. फार कमी आला तर तंतू कच्चा असण्याचा संभव. असल्या तंतूच्या सुतात बारीक गाठी येतात, कापड रंग सारखा धरत नाही. एका चहावर कळणारी गोष्ट मी एका हंगामाच्या मोलाने शिकलो.

२. अंदाज असेल तर 'अंदाज' म्हण

आमच्या वेळी कापसाचा ओलावा दातांनी पाहायचे. गाडीत खोल हात घालून मूठभर कापूस काढायचा, त्यातली सरकी दाताखाली धरायची. 'कट' करून फुटली तर माल सुका. दबून चपटी झाली तर ओला. ही परीक्षा खोटी नाही. पण ओलावा नऊ टक्के की बारा, हे दाताला कळत नाही, आणि पैसा तर तिथेच असतो. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, खरेदीचा हिशोब आठ टक्क्यांवर धरते, बारापर्यंत कपात करून घेते आणि त्यावर नाकारते.

१०० क्विंटल कापसात चार टक्के पाणी जास्त निघालं, तर चार क्विंटल पाणी आपण कापसाच्या भावाने घेतलं. ७,००० रुपयांचा भाव धरला तरी २८,००० रुपये झाले. म्हणून दाताने पाहिलं तर "अंदाजे" म्हण आणि यंत्राने मोजलं तरच आकडा सांग. दोन्हींची सरमिसळ करणाऱ्याचा शब्द बाजारात टिकत नाही.

३. रोगाचं नाव घेण्याआधी पान उलटून पाहा

दिवाळीनंतर तुझ्याकडे शेतकरी खिशातून लाल पडलेलं पान काढतील. "भाऊ, हे काहून लाल पडून राह्यलं?" तू म्हणशील, "लाल्या आहे," आणि फळीवरची बाटली काढशील. थांब. लाल्या म्हणजे पान लाल पडलं, एवढंच. कारण त्यात कुठे आलं?

मॅग्नेशियम कमी पडलं तरी पान लाल होतं. तेव्हा बहुधा शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग जांभळट-लाल होतो. तुडतुड्यांनी रस शोषला तर कडा वळतात, आधी पिवळ्या पडतात, मग लाल. पानाच्या मागे पाहा, तिरपी चालणारी बारीक हिरवी कीड दिसेल. नत्र कमी पडलं असेल, रात्रीचा गारवा एकदम वाढला असेल, किंवा यातली दोन-तीन कारणं एकत्र आली असतील. एका पानावरून सांगता येत नसेल तर तसं सांग: "दादा, कारण एक दिसत नाही. वावरातून चार झाडांची पानं आणा, खत कधी दिलं तेही सांगा." त्या दिवशी तुझी एक बाटली कमी खपेल. चुकीची बाटली खपली, तर पुढच्या हंगामात तो माणूस समोरच्या दुकानात दिसेल.

४. जिवाशी खेळ असेल तिथे 'बहुतेक' नको

"ही दोन औषधं एका पंपात टाकली तं चालते का?" हा प्रश्न तुला रोज येईल. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. ते विसरू नको. लेबलवर लिहिलेलं सांग. लिहिलेलं नसेल तर "माहीत नाही, मिसळू नका" असं सांग. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हे मात्र तुला झोपेतही सांगता आलं पाहिजे.

५. काही गोष्टी माहीत नसणं हा गुन्हा

'माहीत नाही' या शब्दांआड लपणारेही मी पाहिले. दुकानात माल किती, कोणत्या डब्याची मुदत कधी संपते, कोणाकडे किती उधारी, परवान्याचं नूतनीकरण कधी, इथे "माहीत नाही" म्हणणारा प्रामाणिक नसतो, आळशी असतो. ते शब्द शहाण्याच्या तोंडी शोभतात, निष्काळजी माणसाच्या नाही.

६. 'माहीत नाही' ही उधारी आहे

गिऱ्हाइकाला "माहीत नाही" म्हणालास की त्याचं एक उत्तर तुझ्या नावे लागलं. ते फेडायची तारीख तिथेच ठरव: "उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो." त्यासाठी वेगळी वही ठेव. डावीकडे प्रश्न, गाव, फोन नंबर. उजवीकडे उत्तर आणि ते कोणी दिलं. विचारायला जागा आहेत. आपल्या जिल्ह्यात सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. उत्तर मिळाल्यावर ते स्वतःचं म्हणून मिरवू नको. "सेलसुऱ्याच्या साहेबांना विचारलं, ते असं म्हणाले" असं सांग. आणि ठरल्या वेळी उत्तर मिळालंच नाही, तरी फोन कर: "अजून कळलं नाही." फेड लांबली तरी चालते, तोंड चुकवलेलं चालत नाही. बाजाराची रीत आहे ही.

७. मगनवाडीवरून जाताना आठव

वर्ध्याला गेलास की मगनवाडी लागते. त्या नावामागची गोष्ट याच मंत्राची आहे. १९०९ साली 'हिंद स्वराज' लिहिलं तेव्हा हातमाग किंवा चरखा डोळ्यांनी पाहिल्याचं गांधीजींना आठवत नव्हतं. १९१५ साली आफ्रिकेहून परतले तोवरही चरखा पाहिला नव्हता. हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलंय. साबरमतीच्या आश्रमात माग बसवले, तर विणता कुणालाच येईना. शिकवणारा पालनपूरहून यावा लागला. चरखा शोधून काढला गंगाबेन मजमुदारांनी, बडोदा संस्थानातल्या विजापूरला. आणि विणकामाची विद्या पक्की करून घेतली ती मगनलाल गांधींनी. त्यांच्याच नावाने ही मगनवाडी. तिथलं मगन संग्रहालय १९३८ साली उघडलं. येत नाही म्हटलं म्हणून शिकवणारा शोधावा लागला. येतं म्हटलं असतं, तर ते माग तसेच धूळ खात पडले असते.

एवढं लिहून झालं आणि नातू मागून वाकून म्हणाला, "आबाजी, ड्रोनने फवारायचं तर एकरी पाणी किती धरायचं?" पाठीवरच्या पंपाच्या हिशोबाने आकडा माझ्या ओठांवर आलाच होता. चाळीस वर्षांची खोड. जीभ चावली आणि म्हटलं, "लिही वहीत."

त्याच्या वहीचं पहिलं पान माझ्या नावावर आहे. उत्तर उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय.