तोल सांभाळणारा कान

हाताचे एक बोट डोळ्यांसमोर धरा. डोके स्थिर ठेवून बोट भराभर डावीउजवीकडे हलवा. बोटावरच्या रेषा पुसट दिसतील. आता बोट स्थिर ठेवून डोके तितक्याच वेगाने हलवा. रेषा बऱ्याच स्पष्ट दिसतात! असे का व्हावे?

याचे उत्तर आपल्या कानात आहे. आंतरकर्णात ऐकण्याच्या शंखाकृती नळीशेजारी तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहान पिशव्या असतात. पिशव्यांमुळे डोक्याचा कल समजतो, तर नलिकांमुळे त्याचे वळणे. डोके वळले, की नलिकेतील द्रव किंचित मागे रेंगाळतो आणि केशपेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात. तो संदेश मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जातो. मेंदू लगेच डोळे उलट दिशेला तितकेच फिरवतो, म्हणून दृश्य स्थिर राहते.

या केशपेशी नष्ट झाल्या तर? १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स येथे सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन शोधून काढले. क्षयावर गुणकारी ठरलेले हे पहिले प्रतिजैविक. त्याने अनेकांचे प्राण वाचले. पण काही रोग्यांना चालताना झोकांड्या जाऊ लागल्या. अशा रोग्यांपैकी एकजण स्वतः डॉक्टर होता. त्याने १९५२ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्याला पुस्तकातील अक्षरे उडताना दिसत. वाचण्यासाठी त्याला पलंगाच्या दोन गजांमध्ये डोके घट्ट टेकवून बसावे लागे!

हे औषध रक्तातून आंतरकर्णातील द्रवात उतरते. केसांच्या टोकांशी हालचाल टिपणारी सूक्ष्म द्वारे असतात; त्यांतूनच ते केशपेशीत शिरते. तेथून ते लवकर बाहेर पडत नाही आणि पेशी मरते. माणसात ही हानी सहसा भरून येत नाही. रोगी डोळ्यांच्या आणि पायांच्या जाणिवेवर तोल सांभाळायला शिकतो. अंधारात मात्र तो अडखळतो.

सर्वच प्रतिजैविके असे करीत नाहीत. स्ट्रेप्टोमायसिनच्या गटातील जेंटामायसिनचा परिणाम मुख्यतः तोलावर, तर अमिकासिनचा ऐकण्यावर होतो. ही औषधे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. म्हणून मूत्रपिंडे अशक्त असल्यास धोका वाढतो आणि डॉक्टर मात्रा बेताने ठरवतात. गंभीर जंतुसंसर्गात मात्र ती आजही लागतात. अशी इंजेक्शने चालू असताना चालताना तोल गेला, दृश्य हलू लागले किंवा कानात आवाज येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.