अपील कागदांवर लढलं जातं

खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली की घरचे लोक आधी मोठा वकील शोधायला धावतात. मी म्हणतो, आधी नकला गोळा करा. माझ्या चुलतभावाला सत्र न्यायालयात शिक्षा झाली तेव्हापासून त्याच्या अपिलाचं सगळं मीच पाहतो आहे. उंद्रीहून खामगाव, तिथून शेगाव आणि पुढे नागपूरची गाडी, कारण बुलडाणा जिल्ह्याची अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात चालतात. या वाटेवर आपल्याच भागातली माणसं भेटतात. पिशवी कागदांनी भरलेली असते, पण कोणता कागद कशाचा ते माहीत नसतं. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

जन्मठेपेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला ६० दिवस असतात, फाशी असेल तर ३०. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात आणि उशीर झालाच तर तो माफ करण्याचा अर्ज करता येतो. निकालपत्राची एक प्रत आरोपीला फुकट मिळते, तो त्याचा हक्क आहे. पण निकालपत्र म्हणजे खटला नव्हे. साक्षीदारांच्या साक्षी उलटतपासणीसह, घटनास्थळाचा आणि जप्तीचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सी. ए. रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल), आरोपीचा कोर्टापुढचा जबाब हे सगळं हवं. उच्च न्यायालय पुरावा पुन्हा पहिल्यापासून तपासतं, मात्र तपासतं ते हेच कागद. साक्षीदार पुन्हा उभा राहत नाही. नवा पुरावा घेण्याची तरतूद आहे, पण ती क्वचितच वापरली जाते. पुढे सर्वोच्च न्यायालय पुराव्यात सहसा इतकं खोल जात नाही, म्हणून नागपूरची संधी फार मोलाची.

‘हायकोर्टात आपली ओळख आहे’ असं सांगणारे लोक निकालाच्या आठवड्यातच दारात येतात. आमच्याकडेही आले. त्यांच्या शब्दावर वावर विकू नका. कोठडीत असलेल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. अपिलाचा अर्ज तुरुंगातूनही पाठवता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, आणि वकील नेमला गेला की त्यांना स्वतः जाऊन भेटा. गावचा रस्ता, विहीर, विजेचा खांब कुठे आहे हे त्यांना फाइलमधून कळणार नाही.

आमच्या खटल्याचा आधार एका साक्षीदारावर होता. रात्री, शेताच्या बांधावरून पाहिल्याची त्याची साक्ष. एकच साक्षीदार म्हणून अपिलात सुटका होईल, ही समजूत सोडा. वडिवेलू थेवर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगितलं आहे की साक्षीदार मोजायचे नसतात, त्यांची विश्वासार्हता पाहायची असते. तो मयताचा नातेवाईक आहे एवढ्यानेही साक्ष पडत नाही. पाहायचं ते वेगळं. उजेड कसला होता आणि पंचनाम्यात त्याचा उल्लेख आहे का? पोलिसांनी जबाब किती दिवसांनी घेतला? फिर्यादीत नसलेली गोष्ट कोर्टात पहिल्यांदाच आली का? आणि इथेच दुखणं आहे. पोलिस जबाबातली तफावत साक्षीदाराला कोर्टात दाखवून, पुढे तपास अधिकाऱ्याकडून शाबीत करून घेतलेली नसेल, तर अपिलात तिचा जवळजवळ उपयोग होत नाही. ज्यांचा खटला अजून सत्र न्यायालयात आहे त्यांनी हे आजच ऐकावं. प्रत्येक पेशीला जा, साक्षीच्या नकला लगेच काढा, आणि वकिलासोबत बसून फिर्यादीशी ताडून पाहा.

डोळ्यांदेखत पाहिलं म्हणणाऱ्याच्या साक्षीनेही किती अनर्थ होतो, याचं उदाहरण आपल्या राज्यातलंच आहे. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका घरात पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीच्या सहा जणांपैकी तिघांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कायम केली आणि उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणलेल्या बाकी तिघांनाही फाशी ठोठावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने अंकुश मारुती शिंदे खटल्यात सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटोंतून दुसरेच चौघे ओळखले होते, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. त्या ओळखीचा कागद रेकॉर्डवर होता म्हणून सोळा वर्षांनी तरी दार उघडलं.

रक्ताच्या डागांचंही तसंच. सी. ए. रिपोर्टला प्रयोगशाळेचा शिक्का असला की सगळे गप्प होतात. आमच्या रिपोर्टमध्ये शर्टावर मानवी रक्त होतं, रक्तगट मात्र निश्चित झालेला नव्हता. म्हणजे ते रक्त मयताचंच, हे त्यातून शाबीत होत नाही. याशिवाय तारखा एकाखाली एक मांडा: जप्ती कधी, सील कधी, मुद्देमाल पोलिस ठाण्यात किती दिवस पडून होता, प्रयोगशाळेत नेला कुणी, त्या माणसाची साक्ष झाली का. ठाण्याच्या प्रकाश निषाद खटल्यात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द करून आरोपीला सोडलं, त्यात डीएनए नमुने पाठवायला झालेला विलंब आणि मधल्या काळात ते कसे राखले याच्या पुराव्याचा अभाव, ही मोठी कारणं होती. आरोपीच्या कोर्टापुढच्या जबाबात हा रिपोर्ट त्याच्यासमोर प्रश्न म्हणून ठेवला होता का, तेही बघा. न ठेवलेली बाब त्याच्याविरुद्ध वापरू नये, असं शरद बिरदीचंद सारडा खटल्यात १९८४ मध्येच ठरलेलं आहे.

अपिलासोबत शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज द्यायचाच, कारण सुनावणीला वर्षं लागतात. आमचा फेटाळला गेला. अपील अजून प्रलंबित आहे. या काळात मयताच्या घरच्यांशी वाकडं बोलू नका, साक्षीदाराच्या दारात तर जाऊच नका. त्यांचा माणूस गेला आहे. आपल्या भावासाठी लढायला त्यांचं दुःख नाकारावं लागत नाही.

शेवटी वयाच्या कागदाबद्दल. घटनेच्या वेळी आरोपी अठराच्या आतला असण्याची जराही शक्यता असेल तर ते कोणत्याही टप्प्यावर मांडता येतं. पुण्याच्या १९९४ च्या हत्याकांडात फाशी झालेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये शाळेच्या नोंदीवरून मान्य केलं, आणि तो २८ वर्षांनी सुटला. म्हणून मुलगा पहिलीत ज्या शाळेत होता तिथे जा आणि मुख्याध्यापकांकडून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागा. जुनी रजिस्टरं ओलीने, वाळवीने जातात, त्यामुळे यात उशीर करू नका.