सोडायचं तर मोजून सोडा

माहेरच्या जमिनीचा विषय निघाला की आपण बायका दोनपैकी एक काहीतरी बोलतो. "मला काही नको," नाहीतर "माझा हक्क आहे." बोलणारीला आपला हिस्सा नेमका किती, हे दोन्ही वेळा बहुधा माहीत नसतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शेताची वाटणी आई, दोन भाऊ आणि मी अशी चौघांत झाली. त्या निमित्ताने कायदा, दप्तर आणि भावकी या तिन्हींशी गाठ पडली. त्यातून जे शिकले, ते इथे मांडते.

१. जमीन घरात कशी आली, ते आधी शोधा.
आजोबांकडून आलेली प्रत्येक जमीन कायद्याने वडिलोपार्जित ठरत नाही. आमचं विहिरीचं शेत आजोबांचं. ते १९५२ मध्ये गेले, म्हणजे १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा लागू होण्याआधी. त्यामुळे ते शेत वडिलांकडे एकत्र कुटुंबाचं म्हणून आलं. आजोबांची स्वकमाईची जमीन असती आणि ते कायद्यानंतर मृत्युपत्र न करता गेले असते, तर वडिलांना मिळालेला वाटा त्यांचा स्वतंत्र झाला असता. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८६ मध्येच सांगितलं आहे. दुसरं शेत वडिलांनी शिक्षकाच्या पगारातून घेतलेलं, म्हणजे स्वकष्टार्जित. बाप मृत्युपत्र न करता गेला, तर अशा मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. गावात हे अजूनही कुणाला खरं वाटत नाही. जमिनीची ही कुळकथा आजच्या सातबाऱ्यावर दिसत नाही. त्यासाठी जुने फेरफार काढत मागे जावं लागतं.

२. घरातल्या तारखा आणि कायद्याच्या तारखा शेजारी-शेजारी लिहा.
माझं लग्न १९९१ चं. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला तो २२ जून १९९४ पासून, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. म्हणजे मी बाहेर. २००१ मध्ये वडील वारले. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची अट गेली आणि मी आत आले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की त्या तारखेला बाप हयात हवा. मी पुन्हा बाहेर. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ठरवलं की हक्क जन्माने मिळतो, बाप हयात असण्याची गरज नाही. बहीण-भावाच्या भांडणात कुणी जुना निकाल दाखवला, तर आधी त्यावरची तारीख वाचा.

३. आणेवारी स्वतः मांडा.
जुन्या नियमाने वडिलांच्या मृत्यूआधी वाटणी झाली असं धरायचं. वडील, आई आणि दोन भाऊ, प्रत्येकी चार आणे. मग वडिलांच्या चार आण्यांचे आम्ही चौघे वारस, म्हणून माझ्या वाट्याला एक आणा. आताच्या नियमाने आधी पाच वाटे होतात, कारण पाचवी मी. त्यातल्या वडिलांच्या वाट्याचे पुन्हा चार भाग. दोन्हींची बेरीज केली की मला बरोबर चार आणे येतात, आणि आईला व भावांनाही तेवढेच. हे गणित कागदावर मांडल्यावर थोरल्या दादाचा आवाज खाली आला. "बहिणीने सगळं नेलं" असं म्हणायला मग जागाच उरली नाही.

४. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क नाही, असं होत नाही.
दादाच्या नावापुढे वर्षानुवर्षं 'ए. कु. मॅ.' लिहिलेलं होतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो सगळ्यांच्या वतीने जमीन सांभाळणारा, एकटा मालक नव्हे. माझं नाव 'इतर हक्क' या रकान्यात होतं. अनेक बहिणींची नावं तिथेच सापडतात. महसुली नोंद सारा वसुलीसाठी असते. तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. तरीही वारसनोंदीच्या वेळी नाव लावून घ्यावं. फेरफाराची नोटीस आली तर ती कपाटात न ठेवता वाचावी, कारण हरकत घ्यायची मुदत पंधराच दिवसांची असते.

५. "वाटणी कधीच झाली" या बोलण्याचा कागद मागा.
२० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्या कायद्याने राखल्या आहेत, पण त्या नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या हव्यात. तोंडी वाटणी फक्त अपवाद म्हणून, सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच धरतात. भाऊ बांधाच्या अलीकडे-पलीकडे वेगळं कसतात, एवढ्याने बहिणीचा वाटा बुडत नाही.

६. हक्कसोडपत्रावर सही करायला हरकत नाही, घाई करायला आहे.
वडिलांच्या वर्षश्राद्धाला बहिणी एकत्र येतात, साडीचोळी होते आणि तेवढ्यात कागद पुढे येतो. त्यावर तीन गोष्टी पाहायच्या: कोणते गट, किती हिस्सा आणि कुणाच्या लाभात. दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. मी राहत्या घरातला माझा वाटा धाकट्याच्या नावे सोडला, कारण आईला तोच सांभाळतो. शेतातला ठेवला. चार आणे हातात आहेत हे कळल्यावरच त्यातले किती द्यायचे, हे मला ठरवता आलं.

७. आईचा वाटा विसरू नका.
मुलांच्या वाटणीत आईला 'मुलांकडेच आहे' म्हणून कोरडं ठेवतात. तिचे चार आणे तिच्या पूर्ण मालकीचे आहेत. ते ती विकू शकते, हवे त्याला मृत्युपत्राने देऊ शकते. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार मात्र लागतात. एकत्र कुटुंबातला पुरुषही स्वतःच्या हिश्श्याचंच मृत्युपत्र करू शकतो, साऱ्या शेताचं नाही.

८. अबोल्याची तयारी ठेवा.
वाटणी मागितल्यावर थोरल्या वहिनी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. दिवाळीचं बोलावणंही दादाने एकट्याने केलं. पुढे त्यांचे वडील वारले आणि एक दिवस त्याच वहिनी माहेरचा सातबारा घेऊन माझ्याकडे आल्या. नाव 'इतर हक्का'तच होतं. त्यांचा भाऊ कागद दाखवायला तयार नव्हता. मी आणेवारी मांडून दिली. तलाठ्याकडे त्यांच्याबरोबर जायला मात्र सगळ्यात आधी उठला तो आमचा दादा.