राखणीच्या कुत्र्याची नखे : धाक नको, सवय हवी

खळे, गोठा व उभे पीक राखणारा कुत्रा हा शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार होय. रानात हिंडणाऱ्या कुत्र्याची नखे कठीण जमिनीवर आपोआप झिजतात. परंतु सदैव साखळीस बांधलेल्या किंवा वृद्ध कुत्र्याची नखे वाढत जातात. पुढच्या पायाच्या आतील अंगास असलेले अंगठ्याचे नख तर जमिनीस टेकतच नाही. ते वळून मांसात रुतल्यास कुत्रा लंगडतो, जखम चिघळते व तीत अळ्याही पडतात.

एका वस्तीवर चौघांनी कुत्रा दाबून धरला व पाचव्याने नखे कापली. दोन नखे कापली गेली, तिसऱ्यास रक्त आले आणि कुत्र्याने धन्याच्याच हाताचा चावा घेतला. पुढे कित्येक दिवस तो धन्याच्या जवळ येईना. दोष कुत्र्याचा नव्हता. नखाच्या आत जिव्हाळी असते. तीत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. तेथे एकदा कातर लागली की कुत्रा ती वेदना विसरत नाही.

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले की, एखाद्या खुणेमागून नेहमी अन्न येत गेले म्हणजे केवळ त्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडास लाळ सुटते. याच तत्त्वाचा उपयोग येथे करावा. आधी स्पर्श, लगेच भाकरीचा तुकडा, हा क्रम मोडू नये. तुकड्यास कांदा-लसणाचे कालवण लावू नये. ते कुत्र्यास अपायकारक असते.

१. कुत्रा शांत व भुकेला असताना, त्याच्या ओळखीच्या माणसाने खांद्यापासून पंजापर्यंत हात फिरवावा व तुकडा द्यावा.

२. हे सोसू लागल्यावर पंजा क्षणभर हातात धरावा व बोट हलकेच दाबावे.

३. नंतर कातर दाखवावी, नखास नुसती टेकवावी. तिचा आवाज परिचित व्हावा म्हणून जवळच वाळलेली काडी कापावी.

४. मग एकाच नखाचे टोक कापून त्या दिवशी थांबावे.

कुत्र्याने तोंड फिरविले, ओठ चाटले, शेपूट पायांत घातली किंवा पाय ओढला, तर मागील पायरीवर यावे. गुरगुरल्यास मारू नये. गुरगुरणे ही सूचना होय. ती दाबल्यास तो पुढे सूचना न देताच चावेल. या कामास काही दिवस लागोत वा काही आठवडे, घाई करू नये.

पांढऱ्या नखातील जिव्हाळी गुलाबी दिसते. काळे नख मात्र थोडेथोडे कापावे व कापलेल्या भागाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसताच थांबावे. हत्यार धारदार असावे. पकडीने नख चिरते. रक्त आल्यास स्वच्छ कापसाने काही मिनिटे दाबून धरावे व तुरटीची पूड लावावी. मांसात रुतलेले नख घरी न कापता पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकापूर्वी कुत्र्यास रेबीजची लस टोचली आहे काय, हे अवश्य पाहावे. अनोळखी किंवा एकाएकी वागणे बदललेल्या कुत्र्यास हात लावू नये. चावा अगर ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

भाकरीचे चार तुकडे व थोडा धीर एवढाच या कामाचा खर्च आहे. तो केल्यास राखणदाराचा पाय शाबूत राहील आणि धन्यावरील विश्वासही.