कमरेवरील वण व कर्करोग : आपली त्वचा तपासण्याविषयी पाठ

आपली कातडी काळीसावळी असल्यामुळे तिला कर्करोग होत नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. तीत काही तथ्य आहे. कातडीच्या काळ्या रंगाने उन्हापासून बरेच रक्षण होते, व उन्हाने होणारा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानाने आपणांत थोडा आढळतो. परंतु जेथे ऊन कधी पोहोचत नाही अशा जागीही हा रोग होतो. म्हणून हा पाठ आम्ही देत आहो.

१. रोग कोठे होतो. — मुंबईस परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली एका सहकाऱ्यासह निबंध प्रसिद्ध करून, धोतर घट्ट नेसल्याने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. पुढे लुगडे व परकराची नाडी यांमुळेही तो होतो असे दिसून आले. २०२४ साली वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत छापली. त्यांपैकी एकीने ४० वर्षे लुगडे कमरेस आवळून नेसले होते. तिची जखम दोन वर्षे भरली नाही, आणि तोवर रोग जांघेतील गाठींपर्यंत गेला होता.

२. तो कसा होतो. — आंबवड्याकडे व सबंध भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत भातलावणीच्या दिवसांत बाया ओले लुगडे कमरेस आवळून दिवसभर वाकून राबतात. एकाच जागी काच बसतो, घाम व ओल साचते. प्रथम तेथे काळा वण पडतो. मग कातडी जाड होते, खाज सुटते, खपल्या निघतात, भेगा पडतात. पुष्कळांचे दुखणे येथेच थांबते. परंतु क्वचित् वर्षानुवर्षे चिघळणाऱ्या जागी कर्करोग उत्पन्न होतो. भाजल्याच्या जुन्या वणात, व महारोगाने बधिर झालेल्या पायाच्या जुनाट क्षतातही असेच घडते. हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाही.

३. तपासणी कशी करावी. — महिन्यातून एकदा, स्नानानंतर, चांगल्या उजेडात कमरेभोवतीची जागा, भाजल्याचे जुने वण, तळपाय, तळहात व नखे पाहावी. पाठ स्वतःस दिसत नाही. ती पतीने पत्नीची, लेकीने आईची पाहावी. एक महिन्यात न भरणारी जखम, भरून पुनः फुटणारा वण, सहज रक्त येणारा किंवा कडा कठीण झालेला फोड, तळपायावर किंवा नखाखाली वाढत जाणारा काळा डाग, ही चिन्हे होत. आरंभी वेदना नसते, म्हणून दुखण्याची वाट पाहू नये.

सरकारी तपासणीत तोंड, स्तन व गर्भाशयाचे मुख यांचे कर्करोग पाहतात. कातडीचा त्यांत नाही. कमरेवरची जखम लाजेने झाकली जाते, आणि ती घरच्या माणसांवाचून कोण पाहणार?

४. काय करावे. — अशा जागी बिब्बा लावू नये, डाग देऊ नये, चुना भरू नये. त्याने जखम वाढते व वेळ जातो. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. तेथून भोरच्या सरकारी रुग्णालयात किंवा पुण्यास ससून रुग्णालयात पाठवितील. तेथे जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो हे भय व्यर्थ आहे. रोग लहान असता बहुधा तेवढाच भाग कापून मनुष्य बरा होतो. गाठींत गेल्यावर उपचार कठीण पडतो.

लुगड्याची गाठ व नाडी सैल बांधावी, तिची जागा बदलीत जावी, बारीक दोरीऐवजी रुंद पट्टी घालावी, आणि घरी आल्यावर कमर धुऊन कोरडी करावी.

उपदेशकांनी विचारावयाचे प्रश्न. — (१) उन्हावाचून कातडीचा कर्करोग कोठे होतो? (२) किती दिवसांत न भरलेली जखम दाखवावी? (३) आपल्या घरात कोणाच्या कमरेवर जुना वण आहे, व तो शेवटी केव्हा पाहिला?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने घरी जाऊन शोधावे.