अल्पचलनक्षम रुग्णांसाठी न्हाणी व शौचालयातील आधारसाधनांची निवड

प्रस्तुत लेखाचा विषय औषधाचा नाही; तथापि संधिगत वात, गृध्रसी व पक्षाघात यांच्या चिकित्सेशी त्याचा निकटचा संबंध आहे. संडासात बसून पुन्हा उठण्याची ज्या वृद्धास धास्ती वाटते, तो सायंकाळनंतर पाणी पिणे सोडतो व वेग अडवून धरतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात जे १३ अधारणीय वेग सांगितले आहेत, त्यांत मूत्र व पुरीष हे आरंभीच येतात. आपण मलावष्टंभासाठी हरीतकी देत राहतो आणि कारण मात्र परसदारी असते.

जिंतूर, पालम वा सोनपेठच्या खेड्यांतील शौचालये प्रामुख्याने भारतीय बैठकीची. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात १२,००० रुपयांच्या प्रोत्साहन अनुदानावर बांधली गेली तीही बहुधा तशीच. पाश्चात्त्य कमोडवर बसवावयाची उंच बैठक येथे निरुपयोगी आहे. येथे हवी मध्ये छिद्र असलेली, हात टेकण्याची सोय असलेली व पायांची उंची कमीजास्त करता येणारी कमोड खुर्ची. ती थेट भांड्यावर ठेवता येते. मात्र भांडे ओट्यावर असल्यास खुर्चीचे चारही पाय ओट्यावर पूर्ण टेकले पाहिजेत. म्हणून खरेदीपूर्वी ओट्याची रुंदी व दाराची मोकळी जागा मोजून आणावयास सांगावे. बैठकीची उंची साधारणतः ४५ ते ४८ सेंटिमीटर असावी; तथापि तळपाय जमिनीला पूर्ण टेकतात की नाही, हीच खरी कसोटी. प्लॅस्टिकच्या खुर्चीला मध्ये भोक पाडून काम भागविणारी घरे आम्ही अनेक पाहिली. ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात व कापलेल्या कडेपासून ती तडकते. हा प्रयोग रुग्णाच्या जिवावर होऊ नये.

भिंतीवरील आधारदांडी ३.५ ते ४.५ सेंटिमीटर जाडीची, मुठीत सहज मावणारी असावी. पक्षाघातात ती बसलेल्या रुग्णाच्या सबळ हाताकडे लावावी. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे. रबरी चूषकाने चिकटविण्याची दांडी शहाबादी फरशीवर किंवा साध्या गिलाव्यावर धरत नाही. गुळगुळीत टाइलवरही शरीराचा पूर्ण भार तिच्यावर टाकू देऊ नये. भिंत कच्ची असेल तर जमिनीपासून उभा केलेला लोखंडी नळ अधिक विश्वसनीय.

आता आपल्याच उपचारांतील एक धोका. अभ्यंगानंतर आपण उष्णोदक स्नान सांगतो. तेलाने माखलेला रुग्ण मग त्याच गुळगुळीत फरशीवर पाय ठेवतो. अशा वेळी वॉकरची रबरी बुचेही घसरतात. तळपाय व तळहात बसल्याजागीच बेसन वा उद्वर्तन चूर्णाने पुसून घ्यावेत, स्नान स्टुलावर बसून करावे आणि बादली दुसऱ्या उंच स्टुलावर ठेवावी, म्हणजे तांब्यासाठी वाकणे टळते. पक्षाघातात व जुन्या मधुमेहात स्पर्शज्ञान कमी असते. पाण्याची उष्णता सबळ हाताने किंवा परिचारकाने पाहावी. निरूह बस्ती वा विरेचन योजण्यापूर्वी शौचाची बैठक सिद्ध आहे ना, हे विचारून घ्यावे; वेग आल्यावर घाई होते आणि घाईत पडणे होते. वृद्धाचे खुब्याचे हाड मोडले की आपली महिनोन्‌महिन्यांची चिकित्सा वाया जाते. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवावी. जागा असल्यास दार बाहेर उघडणारे करावे, कारण आत पडलेला माणूस दार अडवून बसतो.

औषधालयांच्या चालकांनी दहा प्रकार ठेवण्याऐवजी एक चांगली कमोड खुर्ची, न गंजणाऱ्या पायांचे स्टूल आणि निरनिराळ्या मापांची रबरी बुचे बाळगावीत. झिजलेले बूच बदलण्यास खर्च नगण्य, पण ते तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही. खुर्ची किती किलो भार पेलते हे पाहूनच ती द्यावी. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या व २ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये देण्याची तरतूद असून साधनांच्या यादीत कमोड खुर्चीही आहे. अशा ग्राहकास पावती देताना साधनाचे नाव तीवर स्पष्ट लिहावे.